'त्याग करा' म्हणणाऱ्यांना १ मेच्या ग्रामसभेत काय सांगू?

खाडीपलीकडची | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे. थोडं लांबेल, पण मनात साचलंय ते नीट मांडायचंय, आणि मला तुमची मदतही हवी आहे.

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे, ही दुसरी टर्म. मागच्या आठवड्यात महिलांची सभा होती. पर्यावरणाच्या शपथेचा एक कागद वरून आला होता. मी एकेक वाक्य वाचायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं असं ठरलं. मी गरज नसताना दिवे आणि पंखे बंद करीन. मी एसी चोवीस अंशांवर ठेवीन. मी जवळच्या अंतरासाठी गाडी न वापरता चालत जाईन. मी अन्न वाया घालवणार नाही.

तिसऱ्या वाक्यापर्यंत आवाज निम्म्यावर आला. पुढच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. ओहोटी बघून खाडीत उतरतात, कालवं काढतात, मुळे (शिंपले) काढतात आणि डोक्यावर पाटी घेऊन तीन वाड्या फिरतात. कालवं फोडताना बोटं कापतात, म्हणून उजव्या हाताच्या दोन बोटांना कायम चिंधी बांधलेली असते. त्यांनी तो हात वर केला आणि म्हणाल्या, "बाय, ह्येतला बंद करूक आमच्याकडे असा काय?"

कोणी हसलं नाही. मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. तो अजून तिथेच आहे, आणि १ मेच्या ग्रामसभेत तो पुन्हा वाचायचा आहे. या वेळी सगळ्या गावासमोर.

त्या रात्री मला मागच्या निवडणुकीच्या प्रचारसभा आठवल्या. एक उमेदवार म्हणाले होते, पर्यावरणाच्या नावाखाली गरिबाला त्याग करायला लावतायत, आम्ही ते होऊ देणार नाही. दुसरे म्हणाले, पुढच्या पिढीसाठी त्याग करावाच लागेल. यातल्या पहिल्यांनीच काही वर्षांपूर्वी राजापूरच्या रिफायनरी प्रकल्पाच्या वेळी म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय, की देशाच्या विकासासाठी कोकणाने थोडा त्याग करायला हवा. तीन भाषणं, तीन बाजू. पण व्याकरण लावून बघा. क्रियापद तेच आणि कर्ताही तोच. प्रकल्प आणायचा तरी सोडणार कोकणी माणूस, निसर्ग वाचवायचा तरी सोडणार कोकणी माणूस, आणि काहीच करायचं नसेल तेव्हा पुढे धरायची ढालही कोकणी माणूसच.

आणि मला याचं वाईट वाटतं, कारण सोडणं आपल्याला नवीन नाही. १ जूनला होड्या वर ओढल्या की ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी मासेमारी बंद. तो एकसष्ट दिवसांचा उपासच असतो, पण मच्छीमार त्याला त्याग म्हणत नाहीत, 'बंदी पाळली' म्हणतात. देवराईतली पडलेली फांदीसुद्धा घरी आणायची नाही, तेही पाळलं जातं. आचऱ्याची गावपळण तर सगळ्यांना माहीत आहे. श्री रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर. गुरं, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळे. सगळ्या धर्मांचे. चिंदरला पण आहे. घरात गॅस आहे, टीव्ही आहे, पक्कं छप्पर आहे आणि लोक रानात राहुट्या घालून राहतात, आणि परत आल्यावर पुढच्या गावपळणीची वाट बघतात. कारण सगळे गेलेले असतात. एकाला घरी ठेवून दुसऱ्याला बाहेर काढलं असतं, तर पहिल्याच वर्षी मारामारी झाली असती.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडचा शब्द 'पाळणं' आहे. त्याग एकट्या माणसाकडून मागितला जातो, पाळतं ते गाव. ग्रामसभेत मला हे बोलायचंय. कसं बोलू?

---

निळं_शीड | १२ एप्रिल, रात्री १०:१५

ताई, मी मालवणचा. तीन पिढ्या दर्यावर. माका लिवची सवय नाय, चुकला तर समजान घ्या.

बंदीबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, पण अर्धं. आम्ही बंदी का पाळतो? पावसात मासा अंडी घालतो, दर्या खवळलेला असतो, हे आमच्या आजोबांना कायदा यायच्या आधी माहीत होतं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी ढकलायची नाही, हा नियम कोणा साहेबाने केलेला नाही. होड्या वर घेतल्या की आम्ही माडाच्या झापांनी शाकारतो, इंजिन उतरवून घरात आणतो, जाळी अंगणात पसरून विणत बसतो. दोन महिने घरात पैसा येत नाही. मीठ लावून सुकवलेला बांगडा आणि उधारीचे तांदूळ.

आता दुसरं अर्ध. मी ऑगस्टमध्ये बाहेर पडतो तेव्हा रात्री लांबवर समुद्रात उजेड दिसतो, जत्रेसारखा. एलईडी लावून मासेमारी करायला नोव्हेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, राज्याचे निर्बंध ५ फेब्रुवारी २०१६ चे. तरी उजेड दिसतो. माझ्या गिलनेटच्या जाळ्यातून लहान मासा सुटून जातो, कारण आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा ठेवलाय. मी सोडलेला तो मासा पुढे जाऊन कोणाच्या जाळ्यात शिरतो?

तो उजेड बघून मला कळलं की मी दोन महिने समुद्रासाठी नाही, त्या उजेडवाल्यासाठी उपाशी राहिलो. सगळ्यांनी पाळलं तर पाळणं. एकाने मोडलं आणि त्याला कोणी धरलं नाही, तर बाकीच्यांचं पाळणं ही त्याची कमाई. भाषणात हे घाला.

---

माडाखाली | १२ एप्रिल, रात्री १०:३१

निळं शीड, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. +१

---

मीटर_रीडर | १३ एप्रिल, सकाळी ७:५०

वीज क्षेत्रात वीस वर्षं झाली, म्हणून थोडे आकडे देतो.

भारतात दर माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन. जगाची सरासरी पावणेपाचच्या आसपास. अमेरिकेची चौदाच्या आसपास. त्यातही भारताची सरासरी म्हणजे दक्षिण मुंबईतला फ्लॅट आणि तुमच्या आजींचं घर यांची बेरीज भागिले दोन. आजींचा आकडा दोनपेक्षा कितीतरी खाली असणार. १९९१ साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी हाच मुद्दा जगासमोर मांडला होता, की भाताच्या खाचरातून आणि गुरांमधून येणारा मिथेन आणि श्रीमंत देशांच्या मोटारींचा धूर एका तराजूत घालू नका. एक जगण्याचं उत्सर्जन, दुसरं चैनीचं. पस्तीसेक वर्षं झाली, शपथेचे कागद अजून दोघांना एकच छापले जातात.

दुसरी गोष्ट. 'तुमचा कार्बन ठसा मोजा' ही कल्पना घराघरात पोचवली कोणी? २००० नंतरच्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्या जाहिरात मोहिमेने. तेल काढणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला विचारायचं की तू किती जाळतोस. कल्पना मुळात अभ्यासकांची आणि कामाची, पण ती कोणी कोणाला विचारायची यात सगळा फरक पडला.

राजकारणात 'त्याग' हा शब्द दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो, हे तुमचं निरीक्षण कोकणापुरतं नाही. जर्मनीत २०१३ च्या निवडणुकीत ग्रीन पक्षाने कॅन्टीनमध्ये आठवड्यातून एक दिवस शाकाहारी जेवण सुचवलं. विरोधकांनी 'हे तुमच्या ताटातलं मांस काढून घेणार' असा गजर केला आणि पक्षाची मतं घटली. ऊर्जेचं बाकी सगळं धोरण बाजूला राहिलं, चर्चा ताटावर झाली. फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरचा कर वाढणार म्हटल्यावर पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर आले. पेपरांत आलं, लोकांना पर्यावरण नको. पण त्याच वर्षीपासून तिथल्या सरकारने बड्या श्रीमंतांचा संपत्ती कर जवळजवळ काढून टाकला होता. खेड्यातून चाळीस किलोमीटर गाडी हाकत कामाला जाणाऱ्याला ते दिसत होतं. डिसेंबरमध्ये करवाढ मागे घ्यावी लागली.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. यातल्या बऱ्याच गोष्टी मुळात त्याग नाहीतच. २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींवर एलईडी बल्ब वाटले गेले. कोणी म्हटलं का, मी साठ वॅटच्या बल्बचा त्याग केला? जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. वारा तेवढाच. आजींच्या घरी नवा पंखा लावा, बंद करायची शपथ कशाला?

---

राजापूरकर_ठाण्यात | १३ एप्रिल, दुपारी १:०५

मला वेगळं मत मांडायचं आहे, आणि ते राग न मानता वाचा.

मी राजापूर तालुक्यातला. बारावीनंतर मुंबईला आलो, आता ठाण्यात आहे. माझ्या वाडीत चौदा घरं, नऊ बंद. गणपतीत उघडतात, शिमग्याला उघडतात. आईवडील दोघंच घरात, आणि वडिलांना छातीत दुखलं तेव्हा रुग्णालयात पोचायला तीन तास लागले. कोकण काहीतरी वाचवतंय म्हणून अभिमान वाटायला हवा, हे मला कळतं. पण त्या वाचवण्याची किंमत मी तीस वर्षं दिलीय. आईच्या हातची पेज वर्षातून दोनदा मिळते, ही ती किंमत.

नाणारचा प्रकल्प वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणारा होता. मार्च २०१९ मध्ये तो रद्द झाला. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीच्याच जागेसाठी बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) माती परीक्षणावरून काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मी तिथल्या बायकांना उन्हात आडवं झालेलं पाहिलं आणि रडलो, कारण त्यात माझ्या ओळखीचे चेहरे होते. तरीही माझा प्रश्न तसाच आहे. प्रकल्प नको म्हणणं हाही एक निर्णय आहे आणि त्याचाही भार कोणीतरी उचलतं. तो भार उचलणारा गाव सोडून गेलेला असतो, म्हणून ग्रामसभेत दिसत नाही.

---

खाडीपलीकडची | १३ एप्रिल, दुपारी २:२०

राजापूरकर, राग कसला मानू. माझे दोन्ही भाऊ मुंबईत आहेत. तुम्ही लिहिलंत ते मी माझ्या भाषणात धरलंच नव्हतं. धन्यवाद.

एकच विचारते. तुमच्या वडिलांना तीन तास लागले, कारण जवळ धड रुग्णालय नाही आणि रस्ता खणून ठेवलाय. त्यासाठी रिफायनरी का लागावी? रुग्णालय हवं असेल तर आधी सडा द्या, असं आपल्याला इतक्या वर्षांत कोणी शिकवलं? ठाण्यात रुग्णालय बांधताना कोणी तुमच्याकडून काही सोडवून घेतलं नसेल.

---

राजापूरकर_ठाण्यात | १३ एप्रिल, दुपारी ३:०२

नाही घेतलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाचतो आहे.

---

वाशिष्ठीकाठ | १३ एप्रिल, सायंकाळी ६:४५

वरच्या प्रश्नाचं एक उत्तर कोयनेत आहे.

कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला कृष्णेकडे जाणारं. धरण बांधून ते अडवलं, सह्याद्रीतून बोगदे काढून पश्चिमेला पोफळीला खाली सोडलं, त्यावर वीज केली आणि ते पाणी वाशिष्ठीतून आमच्या चिपळूणवरून समुद्राला जातं. १९६० च्या दशकापासून महाराष्ट्राचे कारखाने त्या विजेवर वाढले. ज्यांची गावं शिवसागर जलाशयाखाली गेली त्यांना सांगितलं होतं, राज्यासाठी त्याग करा. त्यांनी केला. काही कुटुंबं रत्नागिरी, रायगड, ठाण्यात येऊन वसली. पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे हे लोक उठल्यानंतरचा. पुढच्या दोन पिढ्या हातात कागद घेऊन जमिनीसाठी फिरत राहिल्या.

आमच्या शेजारी असं एक घर होतं. त्यांच्या ओटीवर बुडालेल्या गावातल्या घराचा उंबरा होता. लाकडी, मधे झिजून खोलगट झालेला. त्यांनी तो येताना सोबत आणला होता. नव्या घराला सिमेंटचा उंबरा, आणि हा भिंतीला टेकवून ठेवलेला. लहानपणी त्यावर बसायला गेलो की आजी हाकलायची.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमची बाजारपेठ बुडाली आणि ते घरही. उंबरा वाहून गेला. ज्यांनी एकदा घर पाण्याला दिलं होतं त्यांचं दुसऱ्यांदा गेलं. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली.

पुरानंतर निळी रेषा आणि लाल रेषा आली. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत, शंभर वर्षांतून एकदा येणारा लाल रेषेपर्यंत, आणि आत बांधकामाला बंधनं. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण सभेत एक दुकानदार उठून म्हणाला, नदीतला गाळ तुम्ही इतकी वर्षं काढला नाहीत, वरचे डोंगर उघडे झाले, आणि सोडायचं काय, तर माझा गाळा? त्याला उत्तर मिळालं, शहराच्या सुरक्षिततेसाठी थोडा त्याग करावा लागतो. तो खाली बसला. पुढचं त्याने काही ऐकलंच नाही, मी त्याच्या शेजारीच होतो. तो शब्द ऐकला की आमच्याकडे माणसाचे कान बंद होतात. कोयनेपासून.

---

रोठा_सुपारी | १३ एप्रिल, रात्री ८:१०

श्रीवर्धनहून. वर सगळे सोडण्याबद्दल बोलतायत. आमच्याकडून तर न विचारताच गेलं.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुपारी वारा सुरू झाला. आधी झावळ्या, मग माड, मग सुपारी. सुपारीचं झाड वाकतं, वाकतं आणि मग फटाक्यासारखं मोडतं. तो आवाज दोन तास चालू होता. वारा थांबल्यावर मी मागच्या दारी गेलो तर समुद्र दिसला. आमच्या बागेतून समुद्र कधी दिसत नसे.

भरपाई आधी हेक्टरी होती. आमच्या बागा गुंठ्यांत, म्हणून ओरड झाली आणि मग झाडामागे ठरली. सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. रोप लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. आता कुठे पहिला घड आलाय.

मला कोणी त्याग करा म्हणालं तर मी म्हणेन, माझ्या खात्यात आधीच जमा आहे, वळती करून घ्या.

---

हापूस_कलमं | १३ एप्रिल, रात्री ८:५५

मी माझी एक अडचण सांगतो. माझा थोडा आंबा दरवर्षी विमानाने परदेशी जातो. त्याचं इंधन जळतं. ते उत्सर्जन जगण्याचं की चैनीचं? माझ्या घरासाठी जगण्याचं आहे, त्यावर मुलीची फी भरतो. खाणाऱ्यासाठी चैनीचं. पेटी एकच आहे. मीटर रीडर, तुमची ती रेघ या पेटीच्या मधून जाते. मोहोर यंदाही दोनदा जळला, त्यामुळे हवामान बदललंय हे मला कोणी पटवायला नको. पण विमान थांबवा म्हणणारा आला तर मी पहिला उभा राहीन, हेही खरं.

---

मीटर_रीडर | १३ एप्रिल, रात्री ९:३०

हापूस कलमं, रेघ सरळ नाही हे मान्य. माझ्याकडे याचं तयार उत्तर नाही. एवढंच म्हणेन की भाड्यात वाढ होईल ती पेटी विकत घेणाऱ्याने भरावी, तुमच्या दरातून कापली जाऊ नये. आज दलाल कोणाच्या दरातून कापेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

---

चुलीपाशी | १४ एप्रिल, पहाटे ५:४०

सगळा धागा वाचला. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते.

त्याग गाव करतं, कोकण करतं, देश करतो असं सगळे म्हणतायत. घरात कोण करतं?

सिलेंडर महाग झाला की आमच्या घरी कोणी जाहीर करत नाही की आजपासून काटकसर. मी सिलेंडर हलवून बघते, आवाजावरून कळतं किती उरलाय. मग आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवर. मग भात चुलीवर. मग फक्त चहा आणि पाहुणे आले तरच गॅस. नारळाची सोडणं, करवंट्या, चुडतं गोळा करायची मी, धूर माझ्या डोळ्यांत. घरात कोणाला पत्ता लागत नाही, कारण ताटात सगळं तसंच येतं.

२०१५ साली 'सबसिडी सोडा' असं आवाहन झालं तेव्हा वर्षभरात १ कोटीच्या वर घरांनी सोडली. माझ्या मुंबईच्या नणंदेने सोडली आणि मला तिचा अभिमान वाटला. त्या आवाहनात मला एक गोष्ट आवडली होती. सोडू शकणाऱ्यालाच सोडायला सांगितलं होतं, आणि ते कोणाकडे जाणार तेही सांगितलं होतं. पुढच्या वर्षी १ मे २०१६ ला उज्ज्वला आली, आमच्या वाडीत सात घरांना जोडणी मिळाली. पण २०१९-२० मध्ये देशभरात उज्ज्वलावाल्या बाईने वर्षाला सरासरी तीनच सिलेंडर भरले. बाकीचे महिने काय झालं ते मी वर लिहिलंय.

ग्रामसभेत शपथ म्हणायला पुढे बायकाच असतात ना, ताई? आमच्याकडे तरी असतात. एसीचं वाक्य आम्ही म्हणतो आणि पुरुष मागे उभे असतात.

---

खाडीपलीकडची | १४ एप्रिल, सकाळी ६:३०

आमच्याकडेही. तुमचा प्रतिसाद वाचून मी चहा तसाच ठेवला.

---

अबोलीची_वेणी | १४ एप्रिल, सकाळी ११:१५

चुलीपाशी ताईंच्या पुढे एक पाऊल टाकते. धागाकर्तीला वाईट वाटेल, तरी लिहायला हवं.

'पाळणं' हा शब्द तुम्हाला प्रेमाचा वाटतो. माझ्या आजीला नसता वाटला. आमच्या वाडीची विहीर वेगळी होती. गावाने ते पाळलं होतं. महिन्याचे चार दिवस मी घराबाहेरच्या मांगरात झोपलेय, तेही पाळलं होतं. सगळं गाव मिळून पाळतं म्हणून ते न्याय्य होत नाही. मोडणाऱ्याला शिक्षा होती, एलईडीवाल्यासारखी सूट नव्हती, म्हणजे निळं शीड यांची अटही पुरी होते. तरीही ते वाईटच होतं.

देवराईतही हेच. फांदी न उचलण्याचा नियम चांगला आहे, राई टिकली. पण पलीकडच्या वाडीतल्या बाईला सरपणासाठी आणखी दोन कोस चालावं लागायचं, आणि नियम करताना तिला कोणी विचारलं नव्हतं.

गावपळणीचं उदाहरण मला मनापासून आवडतं, ते ठेवा. फक्त तीन दिवसांचं पाळणं आणि जन्मभराचं पाळणं यांत फरक करा, आणि नियम लिहिला जात असताना खोलीत कोण होतं, ते विचारा.

---

खाडीपलीकडची | १४ एप्रिल, दुपारी १२:४०

वाईट वाटलं, पण तुमचं नाही, माझ्या विसरण्याचं. मीही मांगरात झोपलेय. शब्द लिहिताना मला फक्त होड्या आणि देवराई दिसली. हे कसं झालं याचा मी विचार करतेय.

शब्द बदलते. रात्री लिहीन.

---

निळं_शीड | १४ एप्रिल, दुपारी १:३०

रापणीचं बघा, जमलं तर. पूर्वी आमच्याकडे मोठी रापण लागायची. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि तीस-चाळीस माणसं दोन्हीकडून ओढायची. म्हातारे पण यायचे, पोरं पण. मासा वाळूवर आला की वाटे पडायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मग माणसांचे. दोराला हात लावलेल्याला वाटा, आणि वाटा घेणाऱ्याने दोराला हात लावलाच पाहिजे. वाट्यावरून भांडणं खूप व्हायची, पण भांडण वाळूवर, सगळ्यांसमोर, मासा डोळ्यांपुढे ठेवून. कोणाच्या घरात बसून ठरत नसे.

---

अबोलीची_वेणी | १४ एप्रिल, दुपारी १:५२

हे बरोबर आहे. वाटा.

---

खाडीपलीकडची | १४ एप्रिल, रात्री १०:०५

दोन तास लिहीत बसले होते. शपथेचा कागद वाचणार नाही. त्याऐवजी ग्रामसभेपुढे हा मजकूर ठेवायचा विचार आहे, ठराव म्हणून:

"हवामान बदलत आहे हे आम्ही आमच्या बागेत, होडीत आणि खाडीत पाहत आहोत. ते थांबवण्याच्या कामात आमचा वाटा उचलायला हे गाव तयार आहे. आमचा वाटा किती, हे आमच्या घरात किती वीज, किती गॅस, किती डिझेल जळतं ते मोजून ठरवावं, आणि तो ठरवताना कालवं काढणाऱ्या बाया, खलाशी, बागायतदार आणि मुंबईला गेलेली आमची मुलं यांना विचारावं. ज्यांचा वाटा आमच्याहून मोठा आहे त्यांनी तो उचलला की नाही, याची माहिती दर वर्षी या ग्रामसभेपुढे यावी. या गावातली जमीन, सडा किंवा किनारा कोणत्याही कामासाठी हवा असेल, तेव्हा आमच्याकडे 'त्याग' या शब्दाने मागणी करू नये. काय घेणार, काय देणार, आणि कधी देणार, ते लिहून आणावं."

त्याखाली गावाने या वर्षी करायची कामं: अंगणवाडीवर आणि पाण्याच्या पंपाला सौर पॅनेल. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, पण ते घरांना, म्हणून ग्रामपंचायतीला दुसरी सोय शोधावी लागेल. मीटर रीडर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. ज्या घरांत जुने पंखे आहेत त्यांची यादी. न्हाणीच्या चुलींसाठी सोलर बंब, आणि त्याची यादी चुलीपाशी बसणारीने करायची, कुटुंबप्रमुखाने नाही. खारबंधाऱ्याच्या फुटलेल्या तोंडाची दुरुस्ती, कारण उधाणाला खारं पाणी वरच्या मळ्यात शिरतंय. बंधाऱ्याबाहेरची कांदळं (खारफुटी) कोणी तोडायची नाहीत, आणि हा नियम करताना मुळे-कालवंवाल्यांना आधी विचारायचं, कारण त्यांची वाट तिथूनच जाते.

चुका काढा.

---

मीटर_रीडर | १४ एप्रिल, रात्री १०:२२

'किती जळतं ते मोजून' हे घरोघर मोजायला कोण देणार? वर्षभराची वीजबिलं आणि सिलेंडरच्या पावत्या एवढंच धरा. बाकी व्यनित.

---

राजापूरकर_ठाण्यात | १४ एप्रिल, रात्री १०:४८

'मुंबईला गेलेली आमची मुलं' हे शब्द कापू नका. १ मेला सुट्टी आहे. मी माझ्या गावच्या ग्रामसभेला जातोय, सतरा वर्षांनी. हा मजकूर नेऊ का?

---

खाडीपलीकडची | १४ एप्रिल, रात्री १०:५०

न्या. गावाचं नाव बदला, आणि तुमच्याकडे कालवंवाल्या नसतील तर जे कोणी असतील त्यांना घाला.

---

निळं_शीड | १५ एप्रिल, पहाटे ४:३५

होडीवर निघालोय म्हणून थोडक्यात. एक चूक आहे. 'त्यांना विचारावं' असं लिहिलंत. ओहोटी कधी आहे ते बघून सभेची वेळ लावा. १ मेला सकाळची ओहोटी असली तर तुमच्या आजी खाडीत असतील, सभेत नसतील.

---

खाडीपलीकडची | १५ एप्रिल, सकाळी ७:१०

पंचांग बघितलं. आजींनाही विचारून आले. सभा दुपारी साडेतीनला लावायला सरपंचांना सांगते आहे.